तंबोऱ्याच्या पेटीचा जोड पुन्हा पुन्हा का सुटतो: लवचिक गम आणि मिश्र साहित्याची दुरुस्ती

पेटीचे अस्तर सुटले, गम लावला, काही दिवस टिकले आणि पुन्हा त्याच जागी सुटले, ही तक्रार तंबोरा, सतार किंवा हार्मोनियम घेऊन प्रवास करणाऱ्या बहुतेकांच्या ओळखीची आहे. दर वेळी आधीच्यापेक्षा जास्त ‘स्ट्राँग’ गम आणला जातो आणि दर वेळी येरे माझ्या मागल्या होते. याचे कारण असे, की बहुतेक प्रसंगी उणीव गमच्या ताकदीत नसतेच. ज्या पृष्ठभागावर तो लावला त्यात, जोडावर ज्या दिशेने ओढ येते त्यात, किंवा गम लावण्याच्या रीतीत ती असते. रोग हाल्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार आहे.

तंबोऱ्याची प्रवासी पेटी हे मिश्र साहित्याचे उत्तम उदाहरण आहे. कवच फायबरग्लासचे किंवा प्लायवूडचे, वरून रेक्झिन, आत फोम आणि त्यावर मखमल, कोपऱ्यांना प्लॅस्टिकची टोपणे, झाकणाच्या कडेला ॲल्युमिनियमची पट्टी, आणि उचलण्यासाठी नायलॉनचा किंवा चामड्याचा पट्टा. यांतील प्रत्येक वस्तू वेगळ्या प्रमाणात तापते, फुगते, वाकते आणि गम धरते. आत मात्र मंगळवेढा-पंढरपूर भागातल्या भोपळ्यापासून मिरजेच्या कारागिरांनी घडवलेले वाद्य असते. आतला फोम आपली जागा सोडून सरकला, तर तो भोपळा एका धक्क्यात तडकू शकतो. म्हणून या दुरुस्तीकडे केवळ दिसण्याचा प्रश्न म्हणून पाहून चालत नाही.

सुटलेला जोड आधी नीट पाहावा

नवी ट्यूब आणण्यापूर्वी सुटलेले दोन्ही भाग खिडकीपाशी तिरप्या उजेडात धरावेत आणि जुना गम कुठे राहिला आहे ते पाहावे. निदानाचा मोठा भाग येथेच उरकतो.

गमचा पापुद्रा एकाच बाजूला अखंड राहिला असेल आणि दुसरी बाजू अगदी स्वच्छ, चकचकीत असेल, तर त्या स्वच्छ बाजूला गम कधी धरलाच नव्हता. तेथे कितीही दमदार गम लावला तरी हेच होणार, कारण गम मजबूत राहिला आहे आणि पकड मात्र मुळातच बसलेली नाही. ती बाजू बहुधा पॉलिप्रॉपिलीनची, पॉलिथिलीनची, मेणाचा किंवा सिलिकॉनचा अंश राहिलेल्या फायबरग्लासची, नाहीतर हाताचे तेल लागलेल्या धातूची असते.

गम दोन्ही बाजूंना असेल आणि सोडवताना त्याच्या मऊ, चिकट तारा निघत असतील, तर पकड बसली होती, पण गमच आतून ढिला पडला. उष्णतेने तो मऊ झाला असेल, त्यातला द्रावक (गम पातळ ठेवणारे आणि लावल्यावर उडून जाणारे द्रव्य) बाहेर पडू शकला नसेल, किंवा रेक्झिनमधले तेलकट द्रव्य त्यात उतरले असेल. या तिसऱ्या कारणाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही, म्हणून पुढे त्यावर सविस्तर लिहिले आहे.

जुना गम काचेसारखा कडक झाला असेल आणि नखाने टिचकी मारताच त्याचे कपचे उडत असतील, तर वाकणाऱ्या जोडाला न वाकणारा गम लावला गेला होता. इन्स्टंट गम म्हणजे सायनोॲक्रिलेट, किंवा साधा कडक इपॉक्सी, यांची ही खूण आहे. ओढून पाहिल्यास असा जोड फार मजबूत वाटतो, पण झाकण उघडताना-मिटताना बिजागरीपाशी रेक्झिन जसजसे दुमडते, तसतशी त्यात बारीक चीर पडत जाते.

चौथी शक्यता अशी, की गम दोन्ही बाजूंना शाबूत आहे आणि फाटले आहे ते साहित्य: फोमचा थर, प्लायवूडचा वरचा पापुद्रा, किंवा रेक्झिनच्या पाठीचे कापड. येथे गमने आपले काम चोख केले आहे. जास्त ताकदीच्या गमचा येथे काही उपयोग नाही. जोडाची रुंदी वाढवावी लागेल, ओढीची दिशा बदलावी लागेल किंवा झिजलेले साहित्य काढून टाकावे लागेल.

प्लॅस्टिकचे कोपरे: पहिला संशय पॉलिप्रॉपिलीनवर

वारंवार सुटणाऱ्या कोपऱ्यांमध्ये पॉलिप्रॉपिलीनचा वाटा मोठा असतो. गमला पृष्ठभागावर आधी पसरता यावे लागते, तरच तो धरतो. पॉलिप्रॉपिलीनची पृष्ठीय ऊर्जा (ही जितकी कमी, तितका द्रव त्या पृष्ठभागावर कमी पसरतो) सुमारे ३० मिलिन्यूटन प्रति मीटर एवढीच असते, पॉलिथिलीनची साधारण ३१, तर पीव्हीसीची ३९ च्या आसपास. पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ असल्यामुळे स्वच्छ पॉलिप्रॉपिलीनवर टाकलेला थेंब अळवाच्या पानावरच्या थेंबासारखा गोळा होऊन बसतो, आणि बहुतेक गमचेही तेथे थोड्याफार फरकाने असेच होते.

कोपरा कशाचा आहे हे त्याच्या आतल्या बाजूच्या त्रिकोणातील आकड्यावरून कळते: ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, २ म्हणजे एचडीपीई (पॉलिथिलीनचा एक प्रकार), ३ म्हणजे पीव्हीसी. आकडा नसेल तर कोपऱ्याच्या आतल्या कडेचा नखाएवढा तुकडा ब्लेडने काढून, भांडी घासण्याच्या साबणाचा थेंब घातलेल्या पाण्यात बुडवून सोडावा. साबण अशासाठी, की तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटून तो खोटा तरंगू नये. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन पाण्यापेक्षा हलके असल्याने वर येतात. एबीएस (एक कडक प्लॅस्टिक) आणि पीव्हीसी तळाला जातात. तुकडा बुडाला तर काळजी कमी, कारण एबीएसवर बरेचसे गम चांगले धरतात. तरंगला, तर सर्वसाधारण ‘सर्व काही चिकटवणारा’ गम बाजूलाच ठेवावा.

तरंगणाऱ्या प्लॅस्टिकसाठी तीन मार्ग आहेत. पहिला प्रायमरचा, म्हणजे गम धरावा म्हणून आधी लावायच्या द्रवाचा. सायनोॲक्रिलेटसोबत पॉलिओलेफिनसाठीचे (पॉलिप्रॉपिलीन, पॉलिथिलीन यांसारख्या प्लॅस्टिकसाठीचे) प्रायमर मिळते, ते आधी पृष्ठभागावर लावून मग गम लावल्यास पकड बसते. गाड्यांचे बंपर रंगवणाऱ्यांकडेही पॉलिप्रॉपिलीनचे प्रायमर असते, ते लवचिक गमच्या खाली काही प्रमाणात उपयोगी पडते. दुसरा मार्ग ज्योतीचा. गॅस टॉर्चच्या निळ्या ज्योतीचे टोक पृष्ठभागावरून झपकन, कोठेही न थांबता, फिरवल्यास प्लॅस्टिकचा अगदी वरचा थर ऑक्सिडीकृत होतो, आणि मग त्याच जागी पाण्याचा थेंब पसरू लागतो. हा परिणाम कायम राहत नाही, म्हणून गम लगेच लावावा लागतो. हे काम आधी टाकाऊ तुकड्यावर करून हात बसवावा, आणि गमचा उघडा डबा किंवा थिनरची बाटली त्या खोलीत असू नये. तिसरा मार्ग गमचा मुळी नाहीच: दोन रिव्हेट मारणे. माझ्या मते पेटीच्या कोपऱ्यांसाठी हाच सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे. लवचिक सीलंटचा (फटी बुजवणाऱ्या रबरासारख्या गमचा) पातळ थर खाली द्यावा, पण तो पाणी आत न जाण्यासाठी आणि खडखड थांबवण्यासाठी, भार घेण्यासाठी नव्हे. कोपऱ्याला चीर गेली असेल, तर बंपर दुरुस्त करणारे जसे त्याच प्लॅस्टिकची काडी वितळवून सांधतात, तसे सांधून घ्यावे.

रेक्झिन: टिकलेला जोड महिन्यांनंतर का पाघळतो

रेक्झिन म्हणून जे विकले जाते त्यातले बरेचसे पीव्हीसीचे असते. पीव्हीसी मुळात कडक प्लॅस्टिक आहे. त्याला कापडासारखे मऊ करण्यासाठी त्यात तेलासारखी मृदुकारक द्रव्ये मोठ्या प्रमाणात मिसळलेली असतात. ती रासायनिक बंधाने बांधलेली नसल्याने हळूहळू बाहेर सरकतात आणि शेजारी असलेल्या गममध्ये उतरतात. सनमायका बसवण्यासाठी सुतार जो पिवळसर रबरी गम वापरतात, तो पॉलिक्लोरोप्रीनचा असतो. तो या द्रव्यांमुळे मऊ पडतो आणि काही महिन्यांत जोडाची कड मधासारखी ओघळू लागते. गम लावणाऱ्याची रीत निर्दोष असूनही हे घडते, त्यामुळे दोष कोठे आहे ते लवकर लक्षात येत नाही.

उपाय म्हणजे अशा रेक्झिनसाठी पॉलियुरेथेनचा गम वापरणे. चपला-बुटांचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत तो ‘पीयू’ या नावाने मिळतो, आणि पीव्हीसीच्या तळव्यांसाठी त्या धंद्यात तोच वापरला जातो. जुना पाघळलेला गम मात्र आधी पूर्ण काढावा लागतो. त्याच्यावरच नवा थर चढवला तर पहिला थर दुसऱ्यालाही घेऊन सुटतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने रेक्झिन पुसावे. थिनर किंवा ॲसिटोन रेक्झिनच्या दर्शनी बाजूवर वापरू नये, कारण त्याने रंग आणि पोत दोन्ही जातात.

रेक्झिन पीव्हीसीचे की पॉलियुरेथेनचे, हे ओळखायचे असेल तर उघड्या जागी तांब्याची तार पक्कडीत धरून लाल होईपर्यंत तापवावी, तुकड्याला टेकवावी आणि पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योतीला हिरवी झाक आली तर क्लोरीन आहे, म्हणजे बहुधा पीव्हीसी. त्या धुराचा वास मुळीच घेऊ नये.

आणखी एक बारकावा आहे. रेक्झिनची पाठ कापडी असते आणि ती जवळपास कोणताही गम धरते. दर्शनी बाजू मात्र गुळगुळीत असते. म्हणून पेटीच्या सपाट भागावर रेक्झिन सहसा सुटत नाही, आणि जेथे एक थर दुसऱ्याच्या दर्शनी बाजूवर चढतो त्या सांध्यावर नेमके सुटते. त्या पट्टीपुरता वरचा चकचकीत थर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून निस्तेज करावा. पट्टीचे टोक चौकोनी कापण्याऐवजी गोल कापावे, कारण सोलणे नेहमी टोकापासून सुरू होते आणि गोलाईला पकडीत येईल असे टोकच नसते.

आतला फोम आणि मखमल

फोमच्या बाबतीत पहिला प्रश्न तो अजून फोम आहे का, हा विचारावा. पॉलियुरेथेनचा जुना स्पंज हवेतील ओलाव्याने आणि ऑक्सिजनने पिवळा पडत जातो आणि शेवटी बोटाने चोळल्यावर त्याची पूड होते. सुटलेल्या गमच्या पापुद्र्याला पिवळी पूड चिकटलेली दिसली, तर सगळा फोम खरवडून नवा बसवण्याला पर्याय नाही. ट्रेकला जाणाऱ्यांच्या जुन्या बुटांचे तळ न वापरताच कपाटात सुटतात, त्यामागेही पुष्कळदा पॉलियुरेथेनचे हेच विघटन असते, आणि तेथेही लोक गमलाच दोष देतात.

नवा फोम बसवताना उघड्या छिद्रांचा स्पंज गम शोषून घेतो आणि तेवढा भाग वाळल्यावर टणक होतो, म्हणून गमचा हलका फवारा किंवा पातळ हात द्यावा. बंद छिद्रांचा ईव्हीए (रबरासारखे मऊ प्लॅस्टिक) फोम रबरी गमने चांगला बसतो. पांढरा, हलका, बुळबुळीत पॅकिंग फोम हा पॉलिथिलीनचा असतो, त्यामुळे कोपऱ्यांबद्दल वर लिहिलेली अडचण येथेही येते. तो चिकटवण्यापेक्षा खाचेत घट्ट बसेल असा कापावा. थर्मोकोलला द्रावक असलेला कोणताही गम लावू नये, कारण टोल्युइनसारखे द्रावक त्याला विरघळवून खड्डा पाडतात.

पांढरा फेव्हिकॉल १९५९ पासून सुतारांच्या हाती आहे आणि प्लायवूडवर मखमल बसवायला तो उत्तम आहे, पण त्यातले पाणी निघून जाण्यासाठी निदान एक बाजू पाणी शोषणारी हवी. फायबरग्लासवर रेक्झिन त्याने बसवले, तर दोन अभेद्य थरांमध्ये तो दिवसेंदिवस ओलाच राहतो. रबरी गमचेही तसेच आहे, फक्त तेथे पाण्याऐवजी द्रावक अडकतो.

फायबरग्लासच्या कवचाची आतली बाजू खडबडीत असते, ती फक्त घासून पुसावी. बाहेरच्या गुळगुळीत बाजूवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या मेणाचा अंश राहिलेला असू शकतो. तेथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी पुसावे, मग घासावे, मग पुन्हा पुसावे. आधी घासले तर मेण ओरखड्यांत भरले जाते. घासताना नाकावर मास्क असावा, कारण काचेच्या तंतूंची धूळ घशाला आणि त्वचेला त्रास देते.

रबरी गम लावण्याची रीत

येथे घाई सर्वांत महागात पडते. रबरी गम दोन्ही बाजूंना लावायचा असतो आणि दोन्ही बाजू सुकू द्यायच्या असतात. ओल्या गमवर ओला गम दाबणे ही नेहमीची चूक आहे. प्लायवूड पहिला हात पिऊन टाकते, म्हणून त्या बाजूला दुसरा हात द्यावा. गमच्या जातीप्रमाणे आणि हवेप्रमाणे १० ते २० मिनिटे जातात, पण घड्याळापेक्षा बोट अधिक विश्वासू आहे: बोटाची पाठ हलकेच टेकवून उचलावी, गम ताणल्यासारखा जाणवावा पण बोटाला लागून येऊ नये. चकाकी कमी होऊन गम सर्वत्र सारखा निस्तेज दिसू लागला, की तो तयार आहे.

त्यानंतर दोन्ही बाजू एकमेकींना टेकताक्षणी धरतात आणि सरकवता येत नाहीत. म्हणून मध्ये ब्राऊन पेपर ठेवावा, अस्तर जागेवर नीट जुळवून घ्यावे, एका टोकाला चिकटवावे आणि कागद हळूहळू ओढून घेत पुढे जावे. सुकलेल्या गमला कागद धरत नाही. दाबाच्या बाबतीत या गमचा स्वभाव फेव्हिकॉलच्या उलट आहे: रात्रभर वजन ठेवण्यापेक्षा क्षणभर दिलेला जोराचा दाब महत्त्वाचा. सपाट भागावर लाटणे जोर देऊन फिरवावे आणि कडांवर चमच्याच्या पाठीने दाबावे. चांभार तळ चिकटवल्यावर हातोडीने ठोकतो तो याचसाठी. पूर्ण ताकद येण्यास तरीही एक दिवस द्यावा.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, वेगळीच अडचण येते. द्रावक उडताना गमचा पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतील बाष्प त्यावर साचते. नीट पाहिल्यास गमवर पांढुरकी, धुरकट साय आलेली दिसते. अशा सायीवर साय दाबली तर जोड धरल्यासारखा वाटतो आणि दुसऱ्याच दिवशी कागदासारखा सुटतो. साय दिसताच थांबावे. दोन्ही भाग हेअर ड्रायरने आधी कोमट करून घ्यावेत, ड्रायर बंद करावा, आणि मगच गमचा डबा उघडावा, कारण या गमची वाफ ज्वलनशील असते. देवघरातला दिवा, उदबत्ती किंवा गॅसची शेगडी शेजारी नको. खिडकी उघडी ठेवल्याने दमटपणा आत येतो हे खरे, पण ती बंद करून टोल्युइनच्या वाफेत बसणे मुळीच परवडणारे नाही. म्हणून कोरडा दिवस निवडणे हाच योग्य मार्ग.

धातूची पट्टी: येथे जाड आणि रबरासारखा थर लागतो

झाकणाच्या कडेची ॲल्युमिनियमची पट्टी उन्हाळ्यात हमखास सुटते. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत तापमान ६० अंश सेल्सिअसच्या घरात जाऊ शकते. २० अंशांवर बसवलेली दीड मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी ६० अंशांना सुमारे १.४ मिलिमीटरने लांबते, आणि तिच्याखालचे प्लायवूड त्या मानाने फारच थोडे वाढते. कडक इपॉक्सीचा पातळ थर हा फरक सहन करू शकत नाही. तो टोकांपासून तडकत आत येतो.

अशा जागी एमएस पॉलिमर किंवा पॉलियुरेथेनचा सीलंट वापरावा, आणि त्याचा थर अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचा राहील असे पाहावे. हे दोन्ही हवेतील ओलाव्याने पिकतात (घट्ट होतात), आत अडकेल असा द्रावक त्यात जवळपास नसतो, आणि पिकल्यावर ते रबरासारखे राहतात. एमएस पॉलिमर हे तंत्र जपानच्या कानेका कंपनीने १९७० च्या दशकात विकसित केले. त्याचा माझ्या दृष्टीने मोठा गुण हा, की तो धातू, फायबरग्लास आणि लाकूड या तिन्हींवर बऱ्यापैकी धरतो आणि पॉलियुरेथेनसारखे फेसही आणत नाही. थराची जाडी राखण्यासाठी अर्ध्या मिलिमीटरच्या तंगुसाचे छोटे तुकडे पट्टीखाली आडवे ठेवावेत, म्हणजे कितीही दाबले तरी सगळा सीलंट बाहेर येत नाही. दोन्ही बाजू हवाबंद असल्याने मधला भाग पिकण्यास वेळ लागतो. दिवसाला कडेपासून दोन-तीन मिलिमीटर एवढीच गती धरावी आणि रुंद पट्टीला त्या हिशेबाने दिवस द्यावेत.

सिलिकॉन येथे का नको, असा प्रश्न येतो. एक तर त्याची ओढ सहन करण्याची ताकद बेताची असते, आणि एकदा लावल्यावर त्याचा अंश इतका चिवटपणे राहतो, की पुढे त्या जागी दुसरा कोणताही गम किंवा रंग धरत नाही. दुसरे कारण वाद्याशी संबंधित आहे. व्हिनेगरसारखा वास येणारे साधे सिलिकॉन पिकताना ॲसिटिक आम्ल सोडते. बंद पेटीत ते पोलादाच्या आणि पितळेच्या तारांना गंज आणि काळपटपणा आणते.

ग्लू गनच्या काड्यांबद्दल एवढेच, की त्या ईव्हीएच्या असतात आणि मोटारीच्या उष्णतेत मऊ पडून सरकतात. मखमलीची कड तात्पुरती धरून ठेवायला त्या ठीक आहेत. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत मिळणारे बी-७०००, टी-८००० यांसारखे पारदर्शक लवचिक गम बारीक कामाला चांगले आहेत: सुटलेली गोट, नावाची पाटी, कुलपाभोवतीची रबरी कड. मोठ्या, हवाबंद क्षेत्रावर ते लावू नयेत, कारण त्यांतला द्रावक मध्ये अडकतो.

पट्टा आणि मूठ

चार सेंटिमीटर रुंदीचा पट्टा सहा सेंटिमीटर लांबीपर्यंत चिकटवला आणि तो पृष्ठभागाच्या समांतर ओढला, तर चोवीस चौरस सेंटिमीटरचा सगळा गम एकदम भार घेतो. तोच पट्टा पृष्ठभागापासून वर उचलला, तर एका वेळी फक्त चार सेंटिमीटरची एक बारीक रेघ लढत असते, आणि ती तुटली की पुढची. पेटी मुठीने उचलताना ओढ नेमकी दुसऱ्या प्रकारची असते, शिवाय रेल्वेच्या डब्यात चढताना बसणारा हिसका वजनाच्या कितीतरी पट असतो. म्हणून मूठ गमवर टांगू नये, हे माझे ठाम मत आहे. आतून पत्र्याची पट्टी देऊन बोल्ट किंवा रिव्हेट घ्यावेत, अथवा चामडे असेल तर मेणाच्या दोऱ्याने टाके घालून घ्यावेत. गम फक्त पाणी आणि खडखड रोखण्यापुरता. पॉलिप्रॉपिलीनच्या विणलेल्या पोत्यांना आणि ताडपत्रीच्या आवरणांनाही हेच लागू आहे: शिवण किंवा उष्णतेने सांधणे, गम नव्हे.

बाहेरचे खोके

कुरिअरने पाठवताना पेटी पुठ्ठ्याच्या खोक्यात जाते, आणि तेथेही टेप पुन्हा पुन्हा सुटते. नालीदार पुठ्ठा बहुतेक स्टार्चने चिकटवलेला असतो आणि ओलावा शोषतो. ९० टक्के आर्द्रतेत त्याची भार सहन करण्याची ताकद कोरड्या हवेतल्या तुलनेत जवळजवळ निम्म्यावर येते. तेव्हा पावसाळ्यात तीन थरांऐवजी पाच थरांचा पुठ्ठा घ्यावा आणि फाटलेल्या खोक्यावर टेपचे वेटोळे घालत बसू नये. खोक्याचे पाखे बंद करायला फेव्हिकॉलइतका खात्रीचा उपाय नाही, कारण सुकल्यावर जोड सुटण्याआधी पुठ्ठाच फाटतो. छापील, चकचकीत खोक्यावर टेप टिकत नसेल तर वर पॉलिप्रॉपिलीनची फिल्म असण्याची शक्यता आहे; टेप जाईल तेवढी पट्टी खरवडून कागद उघडा करावा. धुळकट पुठ्ठ्यावर टेप धुळीलाच चिकटते, तेव्हा आधी कोरड्या फडक्याने पुसावे आणि टेप लावल्यावर तळहाताने जोर देऊन घासावी.

वाद्य परत ठेवण्यापूर्वी

दुरुस्ती संपल्यावर पेटी लगेच मिटू नये. द्रावकाची वाफ बंद पेटीत साठते आणि तंबोऱ्याच्या चपड्याच्या (लाखेच्या) पॉलिशला मऊ करू शकते. मऊ पॉलिशवर मखमलीचे ठसे उमटतात आणि ते पुसून जात नाहीत. झाकण उघडे ठेवून पेटी निदान दोन-तीन दिवस हवेशीर सावलीत राहू द्यावी. मग ती रात्रभर मिटून ठेवावी आणि सकाळी झाकण किंचित उचलून वास घ्यावा. गमचा वास जाणवला तर आणखी एक दिवस उघडी ठेवावी. रेक्झिनचा कोणताही भाग वाद्याला थेट टेकत असेल, तर मध्ये सुती कापड घालावे, कारण गमला मऊ करणारी रेक्झिनमधली तीच द्रव्ये पॉलिशमध्येही उतरू शकतात. वाद्य ठेवण्याआधी तेवढ्याच वजनाची उशी किंवा कपड्यांचे गाठोडे पेटीत ठेवून ती मुठीने उचलून पाहावी, जिन्यावरून एकदा खाली-वर न्यावी, आणि मग अस्तराच्या कडा व पट्ट्याची टोके पुन्हा तिरप्या उजेडात तपासावीत.